चित्रमासिकांतील तथागत : ‘किबो नो तोमो’ आणि ‘चांदोबा’

चंद्रावर ससा का दिसतो, याचे उत्तर जातकट्ठकथेत आहे. ३१६ व्या क्रमांकाच्या ससजातकात बोधिसत्त्व सशाच्या जन्मास आलेले आहेत. उपोसथाच्या दिवशी दान दिल्याखेरीज अन्न ग्रहण करू नये, असे ते आपल्या तीन मित्रांना म्हणजे पाणमांजर, कोल्हा आणि वानर यांना सांगतात. त्या तिघांजवळ याचकास देण्याजोगे काही ना काही असते. सशाजवळ गवताखेरीज काहीच नाही, आणि गवत माणसास खाऊ घालता येत नाही. शक्र ब्राह्मणाच्या वेषाने याचक होऊन येतो तेव्हा ससा पेटलेल्या अग्नीत स्वतःच उडी घेतो. अग्नी त्यास जाळीत नाही. शक्र पर्वत पिळून त्याच्या रसाने चंद्रमंडळावर सशाची आकृती रेखाटतो, अशी ही कथा आहे.

धम्माबरोबर ही कथा चीनमध्ये आणि तेथून जपानात गेली. जपानच्या ‘कोन्जाकु मोनोगातारी’ या प्राचीन कथासंग्रहात ती आहे. तिकडील मुलांनाही चंद्रावर ससाच दिसतो. इ. स. १९७२ च्या सप्टेंबरमध्ये एका जपानी बालमासिकात तथागतांच्या जीवनावरील चित्रकथा क्रमशः सुरू झाली. तिच्या आरंभीच बर्फात कोसळलेला एक वृद्ध, त्याच्यासाठी अन्न शोधणारे अस्वल व कोल्हा, आणि अग्नीत उडी घेणारा ससा आहे. त्या मासिकाचे नाव ‘किबो नो तोमो’, म्हणजे ‘आशेचा सोबती’. आपल्याकडे मराठी मुलांच्या दोन-तीन पिढ्यांनी जे मासिक वाचले त्याचे तर नावच ‘चांदोबा’. जातककथांचे घरोघर पोहोचलेले बालरूप पुष्कळ अंशी त्याचेच देणे होय. सशाची गोष्ट दोन्हीकडची. मात्र सशाच्या गोष्टीनंतर पान उलटले की काय येते, यात फार मोठा फरक आहे. प्रस्तुत लेखात आम्ही त्या फरकाचा इतिहास मांडीत आहोत.

जपानी चित्रमासिकांची परंपरा जुनी आहे. कोदान्शा या प्रकाशनसंस्थेचे ‘शोनेन कुराबु’ हे मुलांचे मासिक १९१४ साली निघाले. दुसऱ्या महायुद्धात जपानचा पराभव झाला, शहरे बेचिराख झाली, आणि त्या पडझडीतून जी स्वस्त वाचनसामग्री उभी राहिली तीत चित्रकथेचा वाटा मोठा होता. कोबुन्शा या संस्थेच्या ‘शोनेन’ मासिकात एप्रिल १९५२ मध्ये ‘तेत्सुवान आतोमु’ ही यंत्रबालकाची चित्रकथा सुरू झाली. तिचे कर्ते ओसामु तेझुका (१९२८-१९८९) हे वैद्यकाचे शिक्षण घेतलेले गृहस्थ होते. त्याच महिन्यात, एप्रिल १९५२ मध्ये, मद्रासहून मराठी ‘चांदोबा’चा पहिला अंक निघाला. हा केवळ योगायोग आहे व त्यातून काही सिद्ध करण्याचा आमचा हेतू नाही. तारखा लक्षात राहण्यास तो बरा एवढेच.

जपानी मासिकांचे वैभव फार काळ टिकले नाही. १७ मार्च १९५९ या एकाच दिवशी मुलांची दोन चित्रसाप्ताहिके बाजारात आली आणि महिनाभर वाट पाहण्याची मुलांची सवय मोडली. ‘शोनेन’ १९६८ साली बंद पडले. अशा उतरत्या काळात तग धरलेल्या मासिकांत ‘किबो नो तोमो’ची गणना करावी लागते. ते १९६४ साली उशियो शुप्पान्शा या प्रकाशनसंस्थेने सुरू केले. उशियो ही सोका गाक्काई या गृहस्थ बौद्धांच्या संघटनेशी निगडित संस्था होय. निचिरेन परंपरेतील ही संघटना १९३० साली त्सुनेसाबुरो माकिगुची या शाळामास्तरांनी स्थापिली. युद्धकाळात राज्यसत्तेच्या शिंतो पूजेस नकार दिल्यामुळे ते तुरुंगात गेले आणि १९४४ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. निचिरेन परंपरेची शिकवण आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेला धम्म यांत अंतर आहे. त्याची चर्चा येथे करीत नाही. येथे लक्षात घ्यावयाचे ते इतकेच, की या मासिकाच्या मागे गृहस्थ बौद्धांची मोठी संघटना होती आणि तिला मुलांसाठी काही छापावेसे वाटले.

मासिकाचे नाव पुढे पालटत गेले. १९७८ मध्ये ते ‘शोनेन वर्ल्ड’ झाले, १९८० मध्ये ‘कॉमिक टॉम’, आणि १९९७ मध्ये ‘कॉमिक टॉम प्लस’. तेही काही वर्षांत थांबले. मित्सुतेरु योकोयामा यांची चिनी इतिहासावरील ‘सान्गोकुशी’ ही प्रदीर्घ चित्रकथा १९७१ ते १९८७ अशी याच मासिकातून आली व ग्रंथरूपाने तिचे ६० खंड झाले. तेझुकांची ‘बुद्ध’ डिसेंबर १९८३ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षांहून अधिक काळ, तीन नावांखाली त्याच मासिकात चालली. ज्या मुलाने पहिला भाग दहाव्या वर्षी वाचला तो शेवटचा भाग येईपर्यंत एकवीस वर्षांचा झाला असेल. पुस्तकापेक्षा मासिकाचे सामर्थ्य यात आहे. ते वाचकाबरोबर वाढते.

या चित्रकथेत सशाच्या गोष्टीनंतर काय येते ते पाहू. राजवाडा येत नाही, मायादेवीचे स्वप्नही लगेच येत नाही. असित ऋषींचा शिष्य नारदत्त गुरूच्या आज्ञेने एका विलक्षण मुलाच्या शोधार्थ निघतो. त्याची गाठ तत्त नावाच्या मुलाशी पडते, आणि तत्त हा वर्णव्यवस्थेच्या बाहेर टाकलेल्या समाजातील आहे. दुसरा मुलगा चाप्र, तो दास आहे. कोसलच्या एका सेनापतीचे प्राण वाचवून तो त्याचा मानसपुत्र होतो, क्षत्रियाचा वेष घेतो, शस्त्रविद्या शिकतो. आपली जात तो लपवून ठेवतो आणि त्याची दासी आई ते गुपित सांभाळीत त्याच्या मागोमाग येते. शेवटी जात उघडकीस येते. आईला नाकारले तर कदाचित जीव वाचेल, अशी वेळ येते तेव्हा चाप्र आईची बाजू घेतो व दोघेही मारले जातात. सिद्धार्थाचा जन्म होत असताना वाचकाच्या मनात ही हकीगत ताजी असते. सिद्धार्थ कुमारवयात येतो तेव्हा मिगैला ही शूद्र स्त्री त्याच्या जीवनात येते आणि राजाज्ञेने तिचे डोळे जाळले जातात. राजघराण्याचे वैभव ज्या पायावर उभे आहे तो पाया वाचकास आधी दाखवावयाचा व मग महाभिनिष्क्रमणाकडे यावयाचे, अशी ही रचना आहे.

यातील तत्त, चाप्र, मिगैला ही पात्रे तेझुकांच्या कल्पनेतील आहेत. तिपिटकात ती शोधू नयेत. तत्त इतर प्राण्यांच्या शरीरात प्रवेश करू शकतो, ब्रह्मदेव म्हाताऱ्याच्या रूपाने येतो, गंभीर प्रसंगात मध्येच थट्टा येते. बुद्धचरित्र म्हणून हे ग्रंथ प्रमाण मानता येणार नाहीत. चमत्कारांचा भाग तर आपल्या दृष्टीने सरळ अग्राह्य आहे. तरीही आम्ही या कृतीस महत्त्व देतो. ज्या देशात आपल्यासारखी चातुर्वर्ण्यव्यवस्था नव्हती, तेथील एका चित्रकारास बुद्धाची गोष्ट सांगावयाची तर ती जातीपासून सुरू करावी लागेल, हे उमगले. जपानातही बुराकु म्हणून हिणवला गेलेला समाज आहे, हे येथे ध्यानात ठेवावे. या कृतीचे इंग्रजी भाषांतर २००३ ते २००५ या काळात आठ खंडांत प्रसिद्ध झाले आणि २००४ व २००५ अशी दोन वर्षे तिला अमेरिकेतील चित्रकथांसाठीचे आयस्नर पारितोषिक मिळाले.

आता आपल्याकडे वळू. हा लेख आम्ही नरसी नामदेव येथून लिहीत आहोत. कयाधू नदीकाठचे हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून वारकऱ्यांना आणि शीख यात्रेकरूंना परिचित आहे. आज ते हिंगोली जिल्ह्यात येते. १ मे १९९९ पूर्वी हा सर्व भाग परभणी जिल्ह्यात होता. ‘चांदोबा’चा पहिला मराठी अंक निघाला तेव्हा नरसी मुंबई राज्यात नव्हते, ते हैदराबाद राज्यात होते. निजामी राजवट संपून चार वर्षेही झाली नव्हती. वरिष्ठ शिक्षणाचे माध्यम दीर्घकाळ उर्दू राहिलेल्या या मुलखात मराठी बालसाहित्य हाती पडणे हीच नवलाची गोष्ट होती. औरंगाबादेस बाबासाहेबांनी महाविद्यालय काढले ते १९५० साली. १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षा आणि १ नोव्हेंबर १९५६ चे मराठवाड्याचे मुंबई राज्यातील विलीनीकरण यांत तीन आठवड्यांचेही अंतर नाही. आमच्या भागातील सत्तरी उलटलेल्या उपासकांना विचारले तर ‘चांदोबा’ प्रथम शाळेत पाहिला असे बहुतेक जण सांगतात. वर्गणी भरून घरी घेणारी घरे वेगळ्या वस्तीतील होती.

‘चांदोबा’चा मूळ अंक तेलुगू. जुलै १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या एक महिना आधी, बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी या जोडीने मद्रासहून तेलुगू ‘चंदमामा’ आणि तमिळ ‘अंबुलिमामा’ ही मासिके काढली. हे दोघे चित्रपटनिर्माते होते. विजया प्रॉडक्शन्स ही त्यांचीच संस्था. नागी रेड्डींना पुढे १९८६ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. १९४९ मध्ये हिंदी, १९५२ मध्ये मराठी, १९५५ मध्ये इंग्रजी, अशा आवृत्त्या वाढत गेल्या. कथा बहुधा तेलुगूत सिद्ध होई, निरनिराळ्या भाषांचे संपादक मद्रासच्या कार्यालयात बसून ती आपापल्या भाषेत उतरवीत, आणि चित्रे सर्व आवृत्त्यांत तीच राहत. कोडवटिगंटि कुटुंबराव हे तेलुगूतील नामवंत लेखक १९५२ पासून १९८० साली निधन होईपर्यंत तेलुगू अंकाचे संपादन पाहत होते. एम. टी. व्ही. आचार्य, ‘चित्रा’, ‘शंकर’, वड्डादि पापय्या या चित्रकारांनी त्या पानांना जे रूप दिले ते विसरण्याजोगे नाही. ‘शंकर’ म्हणजे के. सी. शिवशंकरन, विक्रमाच्या खांद्यावरील वेताळाचे चित्र त्यांचेच. २०२० साली त्यांचे निधन झाले आणि पुढील वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

एकच गोष्ट अनेक भाषांत, अनेक प्रांतांत विकावयाची असेल तर तिचा गाव नाहीसा होतो. ‘चांदोबा’तील राजा कोणत्या तरी नगरीचा असे, शेतकरी कोणत्या तरी खेड्यातील. त्या खेड्याला वेस होती, पण वेशीबाहेर कोण राहते ते दिसत नसे. याला आम्ही कट म्हणत नाही. सर्व घरांत जाणाऱ्या मासिकाने सर्वांना रुचेल तेवढेच सांगावे, हा व्यापाराचा साधा नियम आहे, आणि त्या मर्यादेत ‘चांदोबा’ने मुलांना जी भाषा व जी कल्पनाशक्ती दिली तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण या नियमाने जातककथांचे काय झाले, ते पाहणे आपले काम आहे.

पाली जातकट्ठकथेत ५४७ जातके आहेत. मराठीत त्यांची ओळख करून देणाऱ्यांत धर्मानंद कोसंबी आणि चिं. वि. जोशी ही नावे अग्रभागी. चिमणरावांचे जनक म्हणून ज्यांना महाराष्ट्र ओळखतो ते जोशी बडोद्यास पालीचे अध्यापक होते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. विद्वानांनी दरवाजा उघडला, पण बालमासिकांतून आणि पाठ्यपुस्तकांतून जी जातके रूढ झाली ती बहुशः प्राण्यांची: बडबड्या कासवाचे, मगरीला फसविणाऱ्या वानराचे, सोन्याच्या पिसांच्या हंसाचे, गर्भिणी हरिणीऐवजी स्वतः खाटकासमोर मान ठेवणाऱ्या मृगराजाचे. ही जातके सुंदर आहेत. यांतील काहींचे पंचतंत्राशी नाते असल्याने मुलांनी त्यांना पंचतंत्राच्या रांगेत बसविले तर नवल नाही. सांगणाऱ्यानेही शेवटी एक तात्पर्य जोडले, आणि बोधिसत्त्व हे नाव हळूच गळून पडले.

जी जातके या रांगेत सहसा बसविली गेली नाहीत त्यांकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. ४९७ वे मातंगजातक. बोधिसत्त्व येथे चांडाळकुलात जन्मले आहेत. वाराणसीच्या श्रेष्ठीची कन्या दिट्ठमंगलिका उद्यानाकडे जात असता तिच्या दृष्टीस मातंग पडतो. अमंगल दर्शन झाले म्हणून ती सुगंधी जलाने डोळे धुते व माघारी फिरते. तिच्याबरोबरचे लोक मातंगास बेशुद्ध होईपर्यंत मारतात. शुद्धीवर आल्यावर मातंग श्रेष्ठीच्या दारात जाऊन पडून राहतो आणि त्याची कन्या पदरात घेतल्याखेरीज उठत नाही. दारात धरणे धरणारा हा बोधिसत्त्व किती मुलांनी चित्रात पाहिला असेल?

त्याच्या पुढचेच, ४९८ वे, चित्तसंभूतजातक. उज्जयिनीचे दोन चांडाळ बंधू मार खाऊन कंटाळतात. जात लपवून, ब्राह्मण बटूंच्या वेषाने ते तक्षशिलेस शिकावयास जातात. एका भोजनात गरम घास तोंडात घेतल्याने धाकट्याचे तोंड भाजते, भान सुटते, आणि त्याच्या तोंडून चांडाळांची बोली बाहेर पडते. ती ऐकताच दोघांनाही मारून हाकलून देतात. तेझुकांचा चाप्र आणि हा संभूत यांत किती साम्य आहे, ते वाचकांनीच पाहावे. ४७४ व्या अंबजातकात एक ब्राह्मण तरुण चांडाळ गुरूकडून अकाली आंबे पिकविण्याचा मंत्र शिकतो. पुढे राजाने गुरूचे नाव विचारले असता लाजेने तो खोटे सांगतो आणि त्याच क्षणी मंत्र नाहीसा होतो. याहून चांगली बालकथा कोणती? तिच्यात आंबे आहेत, राजा आहे, फजिती आहे, आणि गुरूची जात लपविण्याचा अपराधही आहे.

४६५ वे भद्दसालजातक तर साऱ्या शाक्यकुलाच्या विनाशाची कथा सांगते. कोसलचा राजा पसेनदी शाक्यांची कन्या मागतो. कुलाभिमानी शाक्य राजकन्येच्या नावाने महानामाची दासीपुत्री वासभखत्तिया देतात. तिचा पुत्र विडूडभ मोठा झाल्यावर आजोळी जातो. तो परतताच ज्या आसनावर तो बसला होता ते दुधपाण्याने धुतले जाते, आणि हे दासीपुत्राचे आसन, असे धुणारी बोलते. विसरलेले शस्त्र नेण्यास परत आलेल्या शिपायाने ते ऐकले. विडूडभाने शाक्यांच्या रक्ताने ते आसन धुण्याची शपथ घेतली व पुढे ती खरी केली. जपानी चित्रकथेत दासीच्या पोटच्या या राजपुत्राचे प्रकरण फार विस्ताराने आले आहे. आमच्या आठवड्याच्या अभ्यासवर्गात हे जातक सांगितले तेव्हा मुलांना आसन धुण्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

मग प्रश्न उरतो तो असा की, आपणच आपले चित्रमासिक का काढले नाही? याचे उत्तर इच्छेत शोधण्यापेक्षा हिशेबाच्या वहीत शोधावे. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले ते राजर्षी शाहू महाराजांनी दिलेल्या २,५०० रुपयांच्या साह्याने. त्याची जाहिरात पैसे मोजूनही ‘केसरी’ने छापली नव्हती. ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले, त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकट्याने लिहावे लागत. पुढे १९३० चे ‘जनता’ आणि ४ फेब्रुवारी १९५६ रोजी त्याचेच झालेले ‘प्रबुद्ध भारत’. ही सर्व लढ्याची पत्रे. रंगीत चित्रमासिकाला छापखाना, ठसे करणारे कारागीर, पगारी चित्रकार आणि गावोगावचे विक्रेते लागतात. ‘चांदोबा’च्या पाठीशी चित्रपटांचा पैसा व स्वतःचा छापखाना होता; ‘किबो नो तोमो’च्या पाठीशी संघटित गृहस्थ बौद्ध होते. ज्यांची पत्रे वर्गणीअभावी वारंवार खंडित होत होती त्यांच्याकडून बालमासिकाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. मात्र १९५६ नंतर, आणि विशेषतः नोकरवर्ग वाढल्यानंतर, ही सबब पूर्वीइतकी बळकट राहिली नाही, हेही आम्हांला म्हणावेसे वाटते. पुतळ्यांसाठी, कमानींसाठी वर्गणी जमते.

मुलाच्या हाती पडलेल्या एका पुस्तकाचे मोल आपल्याला कोणी सांगावयास नको. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. ते पुस्तक १८९८ सालचे. बौद्ध वाङ्मयाची ओळख आपल्याला आधी का करून दिली नाही, रामायण-महाभारतच का वाचावयास लावले, असा प्रश्न त्या मुलाने वडिलांना केला, ही हकीगत बाबासाहेबांनीच ‘द बुद्धा अँड हिज धम्म’च्या प्रस्तावनेसाठी लिहून ठेवली आहे. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथाने बालकथांतील सर्वांत लाडका प्रसंगच तपासून पाहिला. रोगी, वृद्ध, प्रेत या रोजच्या गोष्टी एकोणतीस वर्षांच्या राजपुत्राने त्यापूर्वी पाहिल्याच नव्हत्या, हे बाबासाहेबांना पटण्याजोगे वाटले नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांत उद्भवलेला तंटा, संघात युद्धाच्या ठरावाला सिद्धार्थाने केलेला विरोध, आणि त्यातून पत्करलेली परिव्रज्या, अशी त्यांची मांडणी आहे. पाली अट्ठकथांत हा तंटा बुद्धत्वप्राप्तीनंतरचा म्हणून येतो. कोसंबींनीही त्याकडे पूर्वी लक्ष वेधले होते. चित्रकाराच्या दृष्टीने पाहिले तर यात केवढे दृश्य आहे! आटलेली नदी, दोन्ही काठांवरील शेतकरी, सभेत एकटा उभा असलेला तरुण. तरी शाळेच्या भिंतीपासून दिनदर्शिकेपर्यंत रथातून प्रेत पाहणारा सिद्धार्थच अजून रंगविला जातो.

ग्रंथाचा मराठी अनुवाद १९७० साली आला. घनश्याम तळवटकर, म. भि. चिटणीस आणि शां. शं. रेगे हे अनुवादक. यांतील रेगे सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथपाल होते व बाबासाहेबांचा सहवास त्यांना लाभला होता. त्यांचे नाव पुढे एका अनपेक्षित ठिकाणी भेटते. अनंत पै (१९२९-२०११) यांनी १९६७ मध्ये मुंबईच्या इंडिया बुक हाऊसतर्फे ‘अमर चित्रकथा’ ही माला सुरू केली. तिचे अंक मराठीतही निघत. रामायण-महाभारत, पुराणे, राजे आणि संत हा तिचा मुख्य भाग. तीत बुद्धांवर, अंगुलिमालावर, आम्रपालीवर आणि जातकांवर अंक निघाले, चोखामेळ्यावरही निघाला. १९७९ साली या मालेत बाबासाहेबांवरील अंक आला. त्याची संहिता रेगे यांची आणि चित्रे दिलीप कदम यांची. ज्या मालेवर ब्राह्मणी दृष्टीचा आक्षेप अभ्यासकांनी वारंवार घेतला, त्याच मालेत हा अंक आहे. आक्षेप बरोबर आहे. अंकाचे मोलही आहे. स्टेशनावरच्या पुस्तकाच्या गाड्यावर कृष्ण आणि शिवाजी यांच्या शेजारी बाबासाहेबांचे चित्र टांगलेले दिसणे, ही १९७९ मध्ये लहान गोष्ट नव्हती. नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात जाळपोळ झाली ती त्याच्या आदल्याच वर्षी, १९७८ मध्ये.

चोखामेळ्याचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर करतो. मंगळवेढ्यास कुसू कोसळून त्याखाली मेलेल्या महारांत चोखोबा होते आणि त्यांच्या अस्थी वेचून नामदेवांनी पंढरपुरी आणल्या, अशी परंपरा आहे. समाधी झाली ती महाद्वाराबाहेर. नरसीच्या प्रत्येक मुलाला नामदेवांच्या हातून दूध पिणाऱ्या विठ्ठलाची गोष्ट ठाऊक असते. अस्थी वेचणाऱ्या नामदेवाची गोष्ट त्या मानाने फार थोड्यांना. बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला, तेव्हा त्यांच्या मनात कोणता चोखोबा होता हे सांगावयास नको. चमत्काराचे चित्र काढणे सोपे असते आणि ते सर्वांना खपते.

चित्रकथेची भाषाच वेगळी करून पाहण्याचा प्रयत्न २०११ मध्ये नवयान प्रकाशनाच्या ‘भीमायन’ने केला. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी चौकटींच्या रांगा मोडून टाकल्या. श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांची संहिता बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनावर आधारलेली आहे. विषारी बोलणे विंचवाच्या नांगीच्या आकारात आणि मायेचे बोलणे पक्ष्याच्या आकारात लिहिण्याची युक्ती मुलांना लगेच कळते. १९०१ साली मसूर स्थानकावर उतरून बैलगाडीने निघालेल्या मुलांना रात्रभर पाणी मिळाले नाही. जवळचे अन्न पाण्यावाचून तसेच राहिले. पाणी हा त्या पुस्तकाच्या पहिल्या विभागाचाच विषय आहे.

‘चांदोबा’ची अखेर खेदजनक झाली. १९९८ मध्ये कामगार-तंट्यामुळे प्रकाशन थांबले, डिसेंबर १९९९ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. २००७ मध्ये मुंबईच्या जिओडेसिक कंपनीने ते विकत घेतले, आणि २०१३ च्या सुमारास अंक येणे बंद झाले. मराठीत ‘किशोर’ मात्र चालू आहे. नोव्हेंबर १९७१ पासून बालभारती ते प्रसिद्ध करते आणि त्याचे जुने अंक आता संकेतस्थळावर पाहावयास मिळतात. सरकारी मासिक म्हणून त्याची उपेक्षा करू नये. खेड्यातील शाळेत आजही जाणारे ते मासिक आहे.

आमच्या अभ्यासवर्गातील मुलांनी गेल्या वर्षावासात भद्दसालजातकाची बारा चित्रे काढली. हातांनी काढलेल्या त्या चित्रांत शाक्यांचा सभामंडप नरसीच्या ग्रामपंचायतीच्या कार्यालयासारखा झाला आहे, आणि शिपायाने विसरलेले शस्त्र खुर्चीवर ठेवलेले आहे. मातंगजातक यंदा घेतले आहे. दिट्ठमंगलिकेच्या रथाला बैल जोडावेत की घोडे, यावर मुलांत एकमत झालेले नाही.